पाताळात उतरणारा वकील : एदुआर-आल्फ्रेद मार्तेल

गुहा म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर अजिंठा-वेरूळ येतं. पण ती लेणी, माणसानं छिन्नीनं कोरलेली. सह्याद्री बेसाल्टचा असल्यानं पाण्यानं कोरलेल्या खोल गुहा आपल्याकडे फारशा दिसत नाहीत. चुनखडीच्या प्रदेशात मात्र पावसाचं किंचित आम्लधर्मी पाणी खडक विरघळवत जातं. भेगांची विवरं होतात, विवरांखाली दालनं आणि दालनांतून नद्या. दक्षिण फ्रान्समध्ये अशी शेकडो विवरं आहेत. गावकरी त्यांना सैतानाची घरं समजत आणि मेलेली जनावरं त्यांत ढकलून देत.

या विवरांत पद्धतशीरपणे उतरायला सुरुवात केली ती पॅरिसच्या एका वकिलानं. एदुआर-आल्फ्रेद मार्तेलचा जन्म १८५९ चा, पॅरिसजवळच्या पोंत्वाझचा. शाळेत भूगोल आवडता, ज्यूल व्हर्नच्या कादंबऱ्यांचं वेड. पण पोटापाण्यासाठी व्यापारी न्यायालयात वकिली. भूगोल उरला सुट्टीपुरता!

१८८८ च्या जूनमध्ये तो ब्रामाबिओला पोहोचला. तिथं एक नदी डोंगरात शिरते आणि पलीकडच्या बाजूला गर्जना करत बाहेर पडते. मार्तेल आणि त्याचे साथीदार पाण्याच्या वाटेनंच डोंगर पार करून गेले. पुढच्याच वर्षी, ९ जुलै १८८९ ला, पादिराकचं विवर. तोंड तीसेक मीटर रुंद, खाली पंचाहत्तर मीटरचा सरळ कडा. दोराच्या शिडीवरून ते उतरले, तर तळाशी आणखी खाली जाणारी वाट आणि चक्क वाहती नदी. मग घडीची कापडी होडी आणली आणि मेणबत्त्यांच्या उजेडात वल्हवत पुढे गेले.

तंत्र म्हणाल तर साधंच. लाकडी पायऱ्यांची दोराची शिडी, कमरेला दुसरा दोर आणि तो वर धरून उभी असलेली माणसं. त्या दोरावरच जीव. खोलवरून हाक ऐकू येत नाही, पाणी कोसळत असेल तर मुळीच नाही. म्हणून मार्तेलनं सोबत टेलिफोनची तार न्यायला सुरुवात केली. दालन मोठं असलं की मॅग्नेशियमची फीत पेटवायची आणि क्षणभराच्या त्या पांढऱ्या उजेडात छत कुठं आहे ते पाहून घ्यायचं.

याच सामानानिशी तो १ ऑगस्ट १८९५ ला इंग्लंडमधल्या यॉर्कशायरच्या गेपिंग गिलमध्ये उतरला. इथं ओढाच सुमारे शंभर मीटर खाली कोसळतो. १८४२ च्या सुमारास जॉन बर्कबेक अर्ध्या वाटेवरच्या एका कंगोऱ्यापर्यंत पोहोचला होता, त्याखाली कुणीच नाही. मार्तेल धबधब्याचे फटके खात तळाशी गेला. समोर एखादं मोठं चर्च मावेल एवढं दालन! स्थानिक गिर्यारोहक त्याच विवराची तयारी करत होते. पाहुण्यानं बाजी मारल्यावर त्यांना काय वाटलं असेल, याची कल्पना करता येते.

१८९७ मध्ये त्याचा जुना साथीदार, लुई आर्मां नावाचा लोहार, यानं दाखवलेल्या विवरात लवणस्तंभांचं अख्खं जंगल सापडलं. त्या गुहेला आजही आर्मांचंच नाव आहे. मार्तेलच्या बाजूनं ही गोष्ट नोंदवायलाच हवी.

पण त्याचं सर्वांत मोठं काम मला वेगळंच वाटतं. १८९१ मध्ये ला बेरीच्या विवरात त्याला कुजलेलं वासरू दिसलं. खालून वाहणारं पाणी पुढे झरा होऊन बाहेर पडत होतं आणि लोक ते पीत होते. मार्तेलही ते पाणी प्यायला आणि आजारी पडला. झऱ्याचं पाणी शुद्धच, हा तेव्हाचा ठाम समज. मातीतून किंवा वाळूतून झिरपताना पाणी गाळलं जातं हे खरं, पण चुनखडीतल्या रुंद भेगांतून ते न गाळताच धावतं. विवरात टाकलेली घाण थेट कुणाच्या तरी घागरीत जाते.

हे तो वर्षानुवर्षं सांगत राहिला, लिहीत राहिला. अखेर १५ फेब्रुवारी १९०२ च्या फ्रेंच सार्वजनिक आरोग्य कायद्यानं विवरांत मेलेली जनावरं आणि कचरा टाकण्यावर बंदी घातली. दरम्यान १८९५ मध्ये त्यानं गुहाशास्त्राची संस्था काढली होती आणि पुढे वकिलीही सोडली. १९०५ मध्ये व्हेर्दोंच्या खोल घळीतून तो पार गेला, तेही पाण्याच्याच शोधमोहिमेवर. १९३८ मध्ये तो वारला. त्याची पादिराकची नदी आज पर्यटक होडीतून पाहतात.