फॅरेडे बोलायला शिकला, त्याची गोष्ट

थर्ड इयरच्या सेमिनारला मी उभी राहिले आणि वीस मिनिटांचं प्रेझेंटेशन अकरा मिनिटांत संपवून खाली बसले. पाठ वर्गाकडे, तोंड स्क्रीनकडे, आणि दर दोन स्लाइड्सनंतर एक ‘सॉरी’! शेवटच्या बाकावरच्या मंडळींनी हे सॉरी मोजले होते, हे मला मेसमध्ये समजलं. गंमत म्हणजे कॉन्व्हेंटमध्ये असताना इलोक्युशनची बक्षिसं मी घेतली होती. पण ते दुसऱ्याने लिहिलेलं भाषण घोकून म्हणणं होतं. आपल्याला समजलेली गोष्ट दुसऱ्याला समजावून सांगणं हा वेगळाच पेपर आहे आणि त्याचा सिलॅबस मला कोणी दिलाच नव्हता.

त्याच आठवड्यात लायब्ररीत मायकेल फॅरेडेचं चरित्र हाती लागलं. फॅरेडे म्हटलं की आपल्याला इंडक्शनचा नियम आठवतो आणि कॅपॅसिटरवरचा मायक्रोफॅरड. पण हा माणूस एकोणिसाव्या शतकातल्या लंडनचा एक गाजलेला वक्ता होता. आणि तो जन्मजात वक्ता मुळीच नव्हता!

मायकेलचा जन्म 22 सप्टेंबर 1791 चा, लंडनजवळच्या न्यूइंग्टन बट्सचा. वडील लोहार, तब्येतीने अशक्त, घरात कायम ओढाताण. लिहिणं, वाचणं आणि जुजबी हिशेब एवढंच त्याचं शिक्षण. लहानपणी त्याला ‘र’ नीट म्हणता येत नसे, असं सांगतात. 1805 मध्ये तो जॉर्ज रिबो या बुकबाइंडरकडे सात वर्षांच्या उमेदवारीवर लागला. बांधायला आलेली पुस्तकं बांधता बांधता तो वाचू लागला. एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिकातला विजेवरचा लेख आणि जेन मार्सेट बाईंचं रसायनशास्त्राचं पुस्तक त्याला असंच भेटलं.

1810 पासून तो जॉन टेटम यांच्या घरी होणाऱ्या विज्ञानाच्या व्याख्यानांना जाऊ लागला. फी एका व्याख्यानाला एक शिलिंग, आणि ती भरायचा मोठा भाऊ रॉबर्ट, तोही लोहारच. 1812 मध्ये दुकानातल्या एका गिऱ्हाइकाने त्याला रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये सर हम्फ्री डेव्ही यांच्या व्याख्यानांची तिकिटं दिली. मायकेलने तिथल्या नोट्स सुवाच्य लिहून, चित्रं काढून, स्वतः बाइंडिंग करून डेव्हींना पाठवल्या. तिथला एक मदतनीस मारामारीपायी काढून टाकला गेला आणि मार्च 1813 मध्ये ती जागा मायकेलला मिळाली. पगार आठवड्याला 25 शिलिंग आणि राहायला माळ्यावरच्या दोन खोल्या.

माझ्या दृष्टीने खरी गोष्ट इथून पुढे सुरू होते. त्याचं काम होतं व्याख्यात्यांच्या मागे उभं राहून बाटल्या-नळ्या पुढे करायचं. आपण असतो तर कंटाळून घड्याळाकडे बघितलं असतं. हा पठ्ठ्या मात्र प्रयोगाबरोबर माणसांचंही निरीक्षण करत होता. बोलणारा कुठे चुकतो, ऐकणारे कधी चुळबुळ करतात, हे सगळं तो टिपत होता. तेव्हा त्याचं वय एकवीस, म्हणजे आपल्याएवढंच! 1813 च्या जूनमध्ये त्याने आपला मित्र बेंजामिन ॲबट याला लांबलचक पत्रं लिहिली, आणि त्यांचा विषय एकच, व्याख्यान कसं असावं. सुरुवात वक्त्यापासून नाही, तर हॉलपासून. हवा खेळती हवी, उजेड हवा, लोकांना ये-जा करायला दारं सोयीची हवीत. मग येतो वक्ता. त्याचं तोंड श्रोत्यांकडे हवं, आणि एका तासापेक्षा जास्त बोलू नये. टाळ्यांसाठी गळ टाकणं तर त्याला अगदी कमीपणाचं वाटायचं. आणि माफी शक्यतो मागूच नये, कारण लोकांच्या लक्षातही न आलेली चूक त्या माफीमुळे सगळ्यांना दिसते. हे वाचताना माझा चेहरा कसा झाला असेल, कल्पना करा.

पण दुसऱ्यांच्या चुका काढणं सोपं असतं. फॅरेडेने स्वतःलाही त्याच टेबलावर ठेवलं. त्याच वर्षी एडवर्ड मॅग्राथ या मित्राबरोबर त्याने एक बेत ठरवला. शनिवारी संध्याकाळी एकमेकांकडे जमायचं, मोठ्याने वाचायचं आणि एकमेकांचे उच्चार आणि वाक्यरचना तपासायची. इथे कोणी कोणाची भीड ठेवत नसे. हा क्रम काही वर्षं चालला. लोहाराच्या पोराचं बोलणं ऐकून लंडनची बडी मंडळी नाक मुरडणार हे त्याला ठाऊक असणारच. त्यांच्यापुढे उभं राहण्याआधी मित्राने केलेली चिरफाड त्याने आनंदाने सोसली.

जानेवारी 1816 मध्ये सिटी फिलॉसॉफिकल सोसायटीत त्याने पहिलं व्याख्यान दिलं, पदार्थाच्या सामान्य गुणधर्मांवर. ही संस्था म्हणजे त्याच्यासारख्याच धडपड्या तरुणांचा गट. एवढ्यावर समाधान न मानता 1818 मध्ये त्याने बेंजामिन स्मार्ट यांचा वक्तृत्वाचा क्लास लावला आणि तिथल्या नोट्सची तब्बल 133 पानं भरली. सबमिशनच्या आदल्या रात्री फाइल उतरवणाऱ्या आपल्यासारख्यांनी या आकड्याला नमस्कार करावा!

पुढे 1825 मध्ये तो रॉयल इन्स्टिट्यूशनच्या प्रयोगशाळेचा संचालक झाला. त्याच सुमारास तिथे शुक्रवारची सायंव्याख्यानं आणि मुलांसाठी नाताळची व्याख्यानं सुरू झाली. 1827 ते 1860 या काळात नाताळच्या 19 व्याख्यानमाला एकट्या फॅरेडेने दिल्या. 1855 च्या नाताळात तर राणी व्हिक्टोरियाचे यजमान प्रिन्स अल्बर्ट मुलांना घेऊन पुढच्या रांगेत बसले होते. मध्ये 1831 मध्ये इंडक्शनचा शोध लागला, ज्यावर आपलं इलेक्ट्रिकल डिपार्टमेंट उभं आहे.

एवढं नाव झाल्यावरही बोलण्याच्या भरात आपला वेग वाढतो, हे तो विसरला नाही. समोर दिसेल असं ‘सावकाश’ लिहिलेलं एक कार्ड तो ठेवायचा. तरी गाडी सुसाट सुटलीच, तर ते कार्ड पुन्हा त्याच्यापुढे आणून ठेवायचं, असा हुकूम त्याचा मदतनीस अँडरसन याला होता. तास संपत आला की ‘वेळ’ लिहिलेलं दुसरं कार्ड यायचं.

त्याची सर्वांत गाजलेली व्याख्यानमाला कशावर होती? साध्या मेणबत्तीवर! सहा व्याख्यानं, एक मेणबत्ती. मेण वातीतून वर कसं चढतं, ज्योतीतून पाणी कसं तयार होतं, आपला श्वास आणि तिचं जळणं सारखं कसं, इथपर्यंत तो मुलांना घेऊन जायचा. 1860 च्या नाताळातली ही व्याख्यानं विल्यम क्रुक्सने पुस्तकरूपाने छापली. आपल्या हॉस्टेलमध्ये लाइट गेल्यावर आपण फक्त मच्छर मारतो.

उतारवयात त्याची स्मरणशक्ती दगा देऊ लागली. ज्या माणसाने बोलणं एवढ्या कष्टाने कमावलं, त्याला शब्द आणि संदर्भ हातातून निसटताना बघावे लागले. 1861 मध्ये त्याने नाताळची व्याख्यानं सोडली. जून 1862 मध्ये सीमेन्सच्या गॅस भट्टीवर शेवटचं शुक्रवारचं व्याख्यान दिलं आणि तो थांबला. 25 ऑगस्ट 1867 ला तो गेला. जसं सुरू करताना त्याने स्वतःला तपासलं, तसंच थांबतानाही तपासलं, हे मला फार मोठं वाटतं.

आपल्याकडे ‘स्टेज डेअरिंग’ नावाची चीज काहींना असते आणि काहींना नसते, असं समजून आपण मोकळे होतो. फॅरेडेने मात्र बोलण्याकडे प्रयोगासारखं पाहिलं. आधी निरीक्षण, मग नोंद, मग चूक शोधणं, आणि पुन्हा करून बघणं. भीती जाण्याची वाट तो बघत बसला नाही.

पुढच्या महिन्यात माझा प्रोजेक्टचा सेमिनार आहे. रूमीला वही-पेन घेऊन समोर बसवते आणि रोज रात्री तालीम करते. ती अजिबात भीड ठेवत नाही, परवा दोन पानं भरली तिने! कार्डही तयार आहे. ‘सॉरी’ मात्र अजून तीनदा येतंच. पण आता ते मी स्वतः मोजते.