पक्ष्याच्या पायांतील कडें

श्रावण सरतां सरतां पेणच्या खारेपाटांत व रोह्यास कुंडलिकेच्या कांठीं नवे पाहुणे दिसूं लागतात. शेपटी सारखी हलविणारा परीट पाण्याच्या कडेनें धांवतो. तुतवार चिखलांत भक्ष्य टिपीत हिंडतो. हे कोठून आले, गतवर्षीं आलेलाच पक्षी पुनः आला कीं दुसराच, हें नुसत्या डोळ्यांनीं कळत नाहीं. त्यासाठीं पक्षी जाळ्यांत धरून, त्याच्या पायांत क्रमांकाचें हलकें ॲल्युमिनियमचें कडें घालून त्यास सोडावें लागतें. भारतांत हें काम ज्यांनीं मोठ्या प्रमाणावर उभें केलें, त्या डॉ. सलीम अलींच्या आयुष्यांतील एक कठीण काळ आमच्याच जिल्ह्यांत गेला. म्हणून त्यांचें चरित्र येथें थोडक्यांत देत आहों.

त्यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ रोजीं मुंबईस झाला. दहा भावंडांत ते सर्वांत धाकटे. अगदीं लहानपणींच आईबापांचें छत्र हरपलें, व मामा अमीरुद्दीन तय्यबजी यांनीं खेतवाडींतील आपल्या घरीं त्यांचा सांभाळ केला. सुमारें दहा वर्षांचे असतां त्यांनीं लहानशा हवेच्या बंदुकीनें एक चिमणी मारली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. मामांना तिचें नांव सांगतां येईना. त्यांनीं मुलास बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीकडे धाडलें. तेथील चिटणीस मिलर्डसाहेबांनीं त्यास जतन करून ठेवलेले पक्षी दाखविले. शिकारी होऊं पाहणारा मुलगा त्या दिवशीं वेगळ्या वाटेस लागला.

वाट मात्र सरळ नव्हती. १९१३ सालीं मॅट्रिक झाल्यावर ते ब्रह्मदेशांत घरच्या धंद्यावर गेले. विद्यापीठाची पदवी नसल्यामुळें सरकारी प्राणिशास्त्र खात्यांतील जागा त्यांना मिळाली नाहीं. १९२६ सालीं मुंबईच्या संग्रहालयांत व्याख्यात्याची नोकरी लागली. १९२८ सालीं रजा घेऊन ते जर्मनीस गेले. बर्लिन येथें प्रोफेसर श्ट्रेझेमान यांच्यापाशीं शिकले आणि हेलिगोलंड बेटावर कडीं घालण्याची पद्धति त्यांनीं पाहिली. १९३० सालीं परत येतात तों पैशाअभावीं त्यांची जागाच रद्द झालेली! वय चौतीस, पदवी नाहीं, नोकरी नाहीं.

तेव्हां पत्नी तहमिना यांच्यासह ते अलिबागजवळ किहीमला येऊन राहिले. पावसाळ्यांत तेथें सुगरणींची वसाहत होती. आमच्या मुलांनीं शिंदीच्या झाडाला लोंबणारीं तीं घरटीं पाहिलींच असतील. पण तासन् तास त्यांच्यापुढें बसून राहण्याचें कोणास सुचतें? सलीम अली बसले. घरटें नर विणतो. तें अर्धें झालें कीं माद्या येऊन पाहतात. एखादीनें पसंत केलें तरच तो तें पुरें करतो. ती अंडीं घालून आंत बसली कीं स्वारी दुसरें घरटें विणावयास मोकळी, व त्यांत दुसरी मादी! हें पूर्वी कोणी नीट टिपलें नव्हतें. त्यांच्या निबंधानें त्यांचें नांव झालें. बेकारीचा तो पावसाळा आम्हांस पुढील सर्व मानसन्मानांहून मोठा वाटतो.

१९३९ सालीं तहमिनाबाई वारल्या. हा घाव फार खोल होता. १९४१ सालीं भारतीय पक्ष्यांवरील त्यांचें प्रसिद्ध पुस्तक निघालें. पुढें १९५७ सालीं म्हैसूर राज्यांत क्यासनूरच्या जंगलांत माकडें मरूं लागलीं व माणसांसही ताप येऊं लागला. रोगाचा विषाणु रशियांतील एका विषाणूसारखा दिसला; तेव्हां स्थलांतर करणाऱ्या पक्ष्यांच्या अंगावरील गोचिडींतून तो आला काय, अशी शंका निघाली. तिचा शोध घेण्यासाठीं जागतिक आरोग्य संघटनेच्या साह्यानें १९५९ सालीं सोसायटीनें पक्ष्यांना कडीं घालण्याची मोहीम उघडली, आणि सलीम अलींची जुनी इच्छा पुरी झाली. रोगाचें मूळ पक्ष्यांत सांपडलें नाहीं. पण भरतपुरास कडीं घातलेलीं बदकें सैबेरियांत सांपडलीं, व आकाशांतील वाट नकाशावर उमटूं लागली.

१९७६ सालीं त्यांस पद्मविभूषण मिळालें व १९८७ सालीं ते निवर्तले. कडीं घालण्याचें काम सोसायटीनें पुढें चालूं ठेविलें आहे. कड्यावर क्रमांक व मुंबईचा पत्ता असतो. आमच्या खाजणांत असें कडें कोणास आढळल्यास क्रमांक, ठिकाण व दिवस तेवढा लिहून सोसायटीकडे कळवावा. पक्षी जिवंत असल्यास कडें काढूं नये.