योकोहामाचे डॉक्टर हेपबर्न

बँकांतून अजूनही चालणाऱ्या कोबोल या जुन्या संगणकभाषेत 'स्टार्ट' नावाची एक आज्ञा आहे. फाइल उघडी असताना ती आपल्याला हव्या त्या नोंदीपाशी नेऊन उभी करते. तेथून पुढे ओळीने वाचता येते. मात्र नोंदी ठराविक क्रमाने लावलेल्या हव्यात. परक्यांसाठी असा क्रम जपानी भाषेला लावून देणाऱ्या एका डॉक्टरांची हकीकत आज आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत.

जेम्स कर्टिस हेपबर्न 1815 साली अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात जन्मले. न्यूयॉर्कमध्ये उत्तम जम बसलेली वैद्यकी सोडून, वयाच्या 44व्या वर्षी, 1859 साली ते पत्नीसह कानागावाला उतरले. राहायला मिळाले एक देऊळ! 1862 साली ते योकोहामाला आले. ख्रिस्ती धर्मावर तेव्हा बंदी होती, म्हणून मिशनऱ्याने दवाखाना काढला. औषध फुकट. तानोसुके या प्रसिद्ध नटाचा सडलेला पाय त्यांनी 1867 साली कापला. तो नट लाकडी पायाने पुन्हा रंगभूमीवर उभा राहिला.

याच काळात ते एकेक शब्द टिपून ठेवीत होते. डोळे दुखतात म्हणून आलेला किशिदा गिंको हा तरुण त्यांचा मदतनीस झाला. जपानात छपाईची सोय नसल्याने दोघे शांघायला गेले, आणि 1867 साली 20 हजारांहून अधिक शब्दांचा जपानी-इंग्रजी कोश निघाला. आपल्या मोल्सवर्थसाहेबांनी 1831 च्या कोशात मराठी शब्द देवनागरीतच ठेवले; हेपबर्न यांनी मात्र रोमन अक्षरांचा क्रम धरला. त्यामुळे जपानी लिपी न येणाऱ्यालाही ऐकलेला शब्द थेट उघडता येऊ लागला. गिंकोला त्यांनी डोळ्यांच्या औषधाची कृती दिली. त्याने पुढे ते विकून नाव कमावले.

1886 च्या तिसऱ्या आवृत्तीतील लेखनपद्धती आज हेपबर्न यांच्याच नावाने ओळखली जाते. जपानी स्टेशनांच्या पाट्या नि पासपोर्ट तिलाच धरून असतात. आमच्या पूर्वजांची नावे बेटावर उतरताना ज्याच्या कानाला जशी पडली तशी लिहिली गेली. एकाच घराण्याची दोन स्पेलिंगे झाली, आणि जुन्या वह्यांत आजा शोधताना नातवंडे रडकुंडीला येतात. असा एखादा डॉक्टर आमच्या बंदरावर असता तर!

तिसऱ्या आवृत्तीचे हक्क विकून आलेली रक्कम त्यांनी मेइजी गाकुइन या विद्यालयाला दिली. 1892 साली ते मायदेशी परतले. 21 सप्टेंबर 1911 रोजी, 96 व्या वर्षी, ते वारले. त्याच तारखेला विद्यालयातील त्यांच्या नावाची इमारत आगीत जळाली.