थर्टी फर्स्टची बाटली आणि गाडगेबाबांचा खराटा

डिसेंबर हा आंबेडकरी समाजासाठी शोकाचा आणि आत्मपरीक्षणाचा महिना. ६ डिसेंबर १९५६ रोजी बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे महापरिनिर्वाण झाले आणि चौदाच दिवसांनी, २० डिसेंबरला, गाडगेबाबा गेले. दोन्ही दिवशी आम्ही हार घालतो, भाषणे करतो. त्यानंतर दहा-अकरा दिवसांत थर्टी फर्स्ट येतो आणि हार घालणाऱ्या हातांपैकी काही हात बाटलीकडे वळतात. सूर्या नदीकाठच्या मासवणपासून पालघर, बोईसर, तारापूरपर्यंत हेच चित्र दर वर्षी दिसते. दमण जवळ, महामार्ग जवळ. नाताळ ते नववर्ष या आठवड्यात उत्पादन शुल्क खात्याची पथके दमणची दारू पकडायला नाक्यावर उभी राहतात आणि त्याच काळात सरकार बार पहाटेपर्यंत उघडे ठेवायला मुभा देते! मासवणच्या सूर्येचे पाणी शहरांकडे जाते, शहरांकडून मासवणला बाटली येते.

सणासुदीलाच माणसे जास्त का पितात? पिणारा सांगतो, थंडी आहे, वर्षभराचा थकवा आहे, मित्र भेटलेत. ही कारणे अगदी खोटी नाहीत. पण थंडी जानेवारीतही असते आणि थकवा बारा महिने असतो. मग ३१ तारखेलाच काय होते? याचे उत्तर गाडगेबाबांच्या चरित्रात आहे. ते चरित्र आज स्वच्छता अभियानाच्या फलकापुरते उरले आहे, म्हणून ते पुन्हा सांगावे लागते.

डेबूजी झिंगराजी जानोरकर यांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील शेणगावी परीट कुटुंबात झाला. वडील झिंगराजी दारूच्या आहारी गेले. दारूला निमित्त लागे आणि निमित्त धर्म पुरवत असे. देवाला बोकड दिला की दारू, बारसे झाले की दारू, लग्न असो की मयत, जातभाईंना पाजल्याशिवाय विधी पुरा होत नसे. न पाजणारा कंजूष ठरे, न पिणारा जातीबाहेरचा. झिंगराजी या रीतीत खलास झाले. डेबू तेव्हा कोवळ्या वयाचा होता. आई सखुबाईने त्याला घेऊन मूर्तिजापूर तालुक्यातील दापुरे गाठले, आणि मामाच्या घरी गुरे राखत, नांगर धरत तो वाढला. शाळेचे तोंडही त्याला पाहायला मिळाले नाही. मामाची जमीन सावकाराच्या कर्जात गेली तेव्हा कागद न वाचता येण्याची किंमत काय असते, हे त्याला कळले.

डेबूजीचे लग्न कुंताबाईंशी झाले. पहिली मुलगी झाली आणि बारशाचा दिवस आला. जातभाई मटण आणि दारूच्या अपेक्षेने जमले. डेबूजीने पंगत मांडली ती गोडाधोडाची. दारूचा थेंब नाही, बकऱ्याचा तुकडा नाही. नातेवाईक चिडले, देव कोपेल म्हणाले. पण डेबूजी हलले नाहीत. आमच्या दृष्टीने त्यांच्या क्रांतीचा आरंभ हाच. कीर्तनाला उभे राहण्याच्या कितीतरी आधी त्यांनी रूढी स्वतःच्या अंगणात मोडली. पाहुण्यांना त्यांनी उपाशी पाठवले नाही, ताटातला पदार्थ बदलला. दारूबंदीवर भाषण देणाऱ्या आमच्यासारख्यांनी हे नीट ध्यानात घ्यावे.

१ फेब्रुवारी १९०५ रोजी त्यांनी घर सोडले. अंगावर चिंध्या, हाती खराटा आणि मडके. गावात शिरले की आधी रस्ते झाडायचे आणि रात्री त्याच गावात कीर्तन करायचे, हा त्यांचा पुढचा अर्धशतकाचा क्रम. जिथे नवसाचे बोकड कापले जात आणि दारू वाहत असे, त्या जत्रांनाच ते मुद्दाम जात. कीर्तनात ते लोकांना प्रश्न विचारीत आणि उत्तरे लोकांकडूनच काढून घेत. कर्ज काढून सण करू नका, दारू पिऊ नका, मुक्या प्राण्याचा बळी देऊ नका, पोराला शाळेत घाला, अस्पृश्यता पाळू नका, एवढाच त्यांचा धर्म. ते विठ्ठलाच्या नावाने कीर्तन करीत, आम्ही बुद्धाला शरण गेलेलो आहोत. हा फरक आहेच. तरीही ज्याने देवळाबाहेर राहून बहुजनांच्या डोक्यातला कचरा झाडला, तो आमचाच माणूस.

लाखो रुपये त्यांच्या हातून गेले. त्यातून धर्मशाळा, वसतिगृहे, शाळा उभ्या राहिल्या. स्वतःच्या कुटुंबासाठी मात्र त्यांनी काही ठेवले नाही. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी १९४९ साली बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीकडे सोपवली. एक निरक्षर परीट आणि एक विश्वविख्यात बॅरिस्टर एकमेकांना ओळखत होते, ते याच कामामुळे. २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीकडे जाताना वलगावजवळ त्यांचा प्रवास संपला.

आता मासवणकडे वळू. आमच्या या भागाला दारू सोडण्याचा इतिहास नाही असे कोणी समजू नये. १८७८ च्या अबकारी कायद्याने आणि १८९२ च्या मोह कायद्याने इंग्रज सरकारने आदिवासींची घरची मोहाची दारू गुन्हा ठरवली आणि ठेकेदाराची दुकाने उघडली. दारू पाड्यावरची होती ती सरकारच्या महसुलाची झाली. पुढे १९२२ च्या सुमारास पालघर किनाऱ्यावरच्या मांगेला कोळ्यांत देवीची चळवळ उठली. देवी अंगात येऊन दारू-ताडी सोडा म्हणते, या श्रद्धेने ती डोंगरातल्या आदिवासींतून थेट सुरत जिल्ह्यापर्यंत पोहोचली आणि दारूची दुकाने ओस पडली. परंतु देवीचा भर ओसरला तसा बऱ्याच ठिकाणी निश्चयही ओसरला. गाडगेबाबांनी देवीचा धाक घातला नाही, माणसाच्या विचाराला हात घातला.

झिंगराजीच्या काळात बोकड होता, आज थर्टी फर्स्ट आहे. त्या रात्री न पिणाऱ्या तरुणाला मित्र हसतात. ठेकेदार, कंपनीचा सुपरवायझर, निवडणुकीला उभा राहणारा पुढारी, प्रत्येक जण पार्टी देतो. जो पाजतो तो मोठा आणि जो पितो तो आपला, ही जुनी जातपंचायतीची रीतच नव्या कपड्यात आली आहे. माणूस तहानेने पीत नाही; एकटा पडू नये म्हणून पितो. सणाच्या दिवशी एकटे पडण्याची भीती सर्वांत मोठी असते, म्हणून तेव्हाच जास्त पितो.

आम्ही वकिली करतो, त्यामुळे या रात्रीचा हिशेब नंतर आमच्या टेबलावर येतो. अपघाताच्या दाव्याचे कागद, पोटगीचे अर्ज, फुटलेल्या डोक्याचे दाखले. शंभर मिलिलिटर रक्तात तीस मिलिग्रॅमहून जास्त अल्कोहोल सापडले की वाहन चालवणारा गुन्हेगार ठरतो, हे कायदा सांगतो. मागे राहिलेल्या बाईने घर कसे चालवायचे, हे कायदा सांगत नाही. बुद्धाने पाचवे शील दिले ते याच प्रमादापासून वाचवण्यासाठी, आणि बाबासाहेबांनी बावीस प्रतिज्ञांत दारू न पिण्याची प्रतिज्ञा घातली ती याच घरांसाठी. ३१ च्या रात्री झिंगून १ जानेवारीला भीमा कोरेगावच्या विजयस्तंभापुढे उभे राहणाऱ्याने स्वतःला विचारावे, आपण कोणाला मानवंदना देतो आहोत?

बंधू-भगिनींनो, उपदेशाने ही रात्र बदलणार नाही; ती भरून काढावी लागेल. मासवण परिसरातल्या प्रत्येक पाड्यावर, बोईसरच्या प्रत्येक बुद्धविहारात ३१ डिसेंबरला संध्याकाळी वंदना घ्या, मुलांची गाणी ठेवा, कोरेगावच्या इतिहासावर व्याख्यान ठेवा आणि मध्यरात्री सर्वांना गोड जेवण वाढा. खर्च एका पार्टीपेक्षा कमी येईल. वस्तीत परवान्याचे दुकान असेल तर महिलांच्या मतदानाने ते बंद करण्याची तरतूद महाराष्ट्रात २००८ पासून आहे. अर्ज लिहून द्यायला आमच्यासारखे वकील विनामूल्य उभे आहेत. डेबूजीने एका बारशाची पंगत बदलली होती. आपल्याला एका रात्रीची बदलायची आहे.

जयभीम!