विद्यार्थी बाबासाहेब : राज्यशास्त्र, अर्थशास्त्र आणि कायदा

दरवर्षी 14 एप्रिलला आपल्या वसतिगृहातील मुले बाबासाहेबांच्या पदव्या एका दमात म्हणून दाखवतात. एम.ए., पीएच.डी., एम.एस्सी., डी.एस्सी., बार-ॲट-लॉ. सभागृहात टाळ्या पडतात, पालकांचे डोळे भरून येतात. त्या पदव्यांमागे नेमका कोणता अभ्यास होता, तो मध्येच कसा तुटला आणि पुढे कोणाच्या कामी आला, हे सांगायचे मात्र राहून जाते. या स्मरणिकेच्या निमित्ताने माजी विद्यार्थी, पालक आणि समाजबांधव यांच्यासमोर बाबासाहेबांचे चरित्र आम्ही त्याच बाजूने मांडू इच्छितो.

बाबासाहेबांचे मूळ घराणे आपल्या कोकणातले. मंडणगड तालुक्यातील अंबडवे हे त्यांचे गाव. जन्म 14 एप्रिल 1891 रोजी महू येथे झाला. वडील सुभेदार रामजी लष्करातून निवृत्त झाल्यावर कुटुंब काही काळ दापोलीस राहिले आणि नंतर साताऱ्यास गेले. वर्गात वेगळे बसण्याचा आणि वरून ओतलेले पाणी पिण्याचा अनुभव तेथेच पदरी आला. पुढे मुंबईत एल्फिन्स्टन हायस्कूलमधून ते 1907 मध्ये मॅट्रिक झाले आणि एल्फिन्स्टन कॉलेजातून 1912 मध्ये बी.ए.ची परीक्षा उत्तीर्ण झाले. फेब्रुवारी 1913 मध्ये वडिलांचे निधन झाले. त्याच वर्षी बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी परदेशी शिक्षणासाठी तीन वर्षांची शिष्यवृत्ती दिली. शिक्षण संपल्यावर दहा वर्षे बडोदे संस्थानची नोकरी करावयाची, अशी अट होती.

जुलै 1913 मध्ये ते न्यूयॉर्कला पोहोचले आणि कोलंबिया विद्यापीठाच्या राज्यशास्त्र विद्याशाखेत दाखल झाले. या विद्याशाखेत राज्यकारभाराबरोबरच अर्थशास्त्र, इतिहास आणि समाजशास्त्र हे विषयही शिकवले जात. बाबासाहेबांनी तेथे घेतलेल्या अभ्यासक्रमांची नोंद मोठी बोलकी आहे. अर्थशास्त्राचे 29, इतिहासाचे 11, समाजशास्त्राचे 6, तत्त्वज्ञानाचे 5, मानववंशशास्त्राचे 4 आणि राजकारणाचे केवळ 3. पुढे ज्यांच्या हातून राज्यघटनेचा मसुदा तयार व्हायचा होता, त्या विद्यार्थ्याने सर्वाधिक वेळ सरकारी तिजोरी, कर, व्यापार आणि इतिहास समजून घेण्यात घालवला. राज्य म्हणजे काय, हे कळण्यासाठी पैसा कोणाकडून येतो आणि कोणावर खर्च होतो, हे आधी कळले पाहिजे, असेच जणू त्यांनी ठरवले होते. सेलिग्मन यांच्याकडे ते सार्वजनिक अर्थव्यवहार शिकले आणि जॉन ड्युई यांच्याकडे लोकशाहीचा विचार. 1915 मध्ये ते एम.ए. झाले. 9 मे 1916 रोजी गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात त्यांनी भारतातील जातींवरील निबंध वाचला, तेव्हा ते पंचवीस वर्षांचे होते.

1916 मध्ये ते लंडनला गेले. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये अर्थशास्त्र आणि ग्रेज इनमध्ये बॅरिस्टरी असे दोन्ही अभ्यास त्यांनी एकदम सुरू केले. आणि इथेच अभ्यास तुटला. शिष्यवृत्तीची मुदत संपली, बडोद्याहून परत येण्याचा निरोप आला. लंडन विद्यापीठाने चार वर्षांच्या आत येऊन अभ्यास पुरा करण्याची मुभा दिली, एवढाच दिलासा. 1917 च्या ऑगस्टमध्ये ते मुंबईस उतरले. महायुद्धाचे दिवस होते. त्यांचे सामान ज्या बोटीवर होते ती पाणतीराने बुडाली आणि त्याबरोबर जमवलेली पुस्तकेही गेली.

बडोद्यात महाराजांचे लष्करी सचिव म्हणून नेमणूक झाली खरी, पण शहरात राहायला जागा मिळेना. कचेरीतले शिपाई फायली लांबून टाकत. ज्या पारशी निवासात त्यांनी आसरा घेतला होता, तेथूनही लाठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले. कोलंबियाची पदवी असलेला हा तरुण त्या दिवशी एका बागेत झाडाखाली बसून रडला. हा प्रसंग आपण मुलांना सांगतो. त्याच्या पुढची तीन वर्षे मात्र आपण सांगत नाही आणि आमच्या मते चरित्राचा खरा धडा त्याच वर्षांत आहे.

त्या वर्षांत बाबासाहेबांनी शिकवण्या केल्या आणि नोव्हेंबर 1918 मध्ये सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. पगारातून पैसा पैसा बाजूला टाकला. रमाईंनी परळच्या चाळीत अत्यंत काटकसरीने संसार चालवला. चार वर्षांची मुदत सरत चालली होती. अखेर साठवलेली रक्कम, कोल्हापूरच्या शाहू महाराजांचे साहाय्य आणि नवल भथेना या पारशी मित्राने दिलेले पाच हजार रुपयांचे कर्ज एवढ्या बळावर 1920 च्या जुलैमध्ये ते पुन्हा लंडनला निघाले. तेथे दिवसभर ग्रंथालय आणि रात्री अर्धपोटी वाचन, असा क्रम होता. 1921 मध्ये एम.एस्सी., 1922 मध्ये बॅरिस्टर आणि 1923 मध्ये डी.एस्सी. झाली. तुटलेला धागा त्यांनी जिथे तुटला तिथूनच पुन्हा जोडून घेतला.

1923 मध्ये त्यांनी मुंबई उच्च न्यायालयात वकिली सुरू केली. अस्पृश्य बॅरिस्टरकडे खटले सहजी येत नव्हते. जोडीला ते कायदा शिकवू लागले. बाटलीबॉय यांच्या संस्थेत त्यांनी व्यापारी कायदा शिकवला, 1928 पासून शासकीय विधी महाविद्यालयात अर्धवेळ प्राध्यापकी केली आणि 1 जून 1935 रोजी त्याच महाविद्यालयाचे ते प्राचार्य झाले.

या कायद्याचा कस लागला तो महाडला. 20 मार्च 1927 रोजी चवदार तळ्याचे पाणी त्यांनी हजारो बांधवांसह प्राशन केले, हे सर्वज्ञात आहे. त्यानंतरचा न्यायालयीन लढा तितका ठाऊक नसतो. तळे आपल्या खासगी मालकीचे आहे, असा दावा स्पृश्यांनी लावला आणि न्यायालयाने तात्पुरती मनाई केली. डिसेंबरात सत्याग्रहासाठी हजारो लोक पुन्हा जमले असताना बाबासाहेबांनी त्या मनाईचा मान राखून सत्याग्रह स्थगित केला. लोकांचा हिरमोड झाला असेल. पण हा प्रश्न न्यायालयातही जिंकायचा, असा त्यांचा निश्चय होता. महाड, मग ठाणे, मग मुंबई उच्च न्यायालय. 17 मार्च 1937 रोजी उच्च न्यायालयाने निकाल दिला. अस्पृश्यांना वर्ज्य करणारी पुरातन रूढी होती, हे वादींना सिद्ध करता आले नाही. पाणी पिण्यास एक दिवस लागला; पिण्याचा हक्क सिद्ध होण्यास दहा वर्षे लागली.

त्याच वर्षी त्यांचा अभ्यास थेट आपल्या दारी आला. मालवण आणि देवगड हे तालुके तेव्हा रत्नागिरी जिल्ह्यात मोडत. सिंधुदुर्ग जिल्हा होण्यास 1981 साल उजाडायचे होते. त्या रत्नागिरी जिल्ह्यातील असंख्य गावांवर खोतीचा अंमल होता. गावचा सारा सरकारात भरायचा तो खोताने, आणि कुळांकडून वसूल करायचा तोही त्यानेच. या मधल्या सत्तेमुळे जमीन कसणारा कुळवाडी पिढ्यान्‌पिढ्या खोताच्या मर्जीवर जगे. धान्याचा वाटा द्यावा लागे, वर वेठही करावी लागे. 17 सप्टेंबर 1937 रोजी बाबासाहेबांनी मुंबई विधानसभेत खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. खोतांना वाजवी भरपाई द्यावी आणि जमीन प्रत्यक्ष कसणाऱ्यास सरकारदरबारी खातेदाराचा दर्जा मिळावा, अशी त्याची रचना होती. न्यूयॉर्कच्या वर्गात शिकलेला सारा आणि कर आणि लंडनला शिकलेला कायदा, दोन्ही त्या विधेयकात एकत्र आले. कुळ कोणत्या जातीचे, हा प्रश्न त्यात नव्हता. महार, कुणबी, आगरी अशा सर्वांच्याच पोटाचा तो प्रश्न होता, म्हणूनच 10 जानेवारी 1938 रोजी मुंबईत कौन्सिल हॉलवर निघालेल्या मोर्चात कोकणातले सर्व थरांतले शेतकरी चालले. त्याच वर्षी मे महिन्यात त्यांनी विधी महाविद्यालयाचे प्राचार्यपद सोडले आणि त्याच महिन्यात ते कोकणच्या दौऱ्यावर आले. ते विधेयक तेव्हा संमत झाले नाही. खोती कायद्याने संपली ती 1949 च्या अधिनियमाने. मात्र त्या वाटेवरचा पहिला मोठा दगड त्यांनीच बसवला होता.

पुढील इतिहास सर्वांना विदित आहे. 29 ऑगस्ट 1947 रोजी मसुदा समिती नेमली गेली, बाबासाहेब तिचे अध्यक्ष झाले आणि 26 नोव्हेंबर 1949 रोजी 395 कलमांची घटना स्वीकृत झाली. एक गोष्ट मात्र आवर्जून नोंदवावीशी वाटते. पीपल्स एज्युकेशन सोसायटी आणि सिद्धार्थ महाविद्यालय उभे केल्यावर आयुष्याच्या अखेरच्या वर्षी, 1956 मध्ये, त्यांच्या पुढाकाराने मुंबईत सिद्धार्थ विधी महाविद्यालय सुरू झाले. त्याच वर्षीच्या जुलैत राजकारणात येऊ इच्छिणाऱ्यांसाठी एक प्रशिक्षण विद्यालयही सुरू झाले. त्यात विद्यार्थी होते फक्त 15. निवडणूक लढवण्याआधी कायदा, अर्थकारण आणि संसदेची कार्यपद्धती शिकून घ्यावी, अशी त्यांची अपेक्षा होती. 6 डिसेंबर 1956 रोजी त्यांचे महापरिनिर्वाण झाले आणि थोड्याच महिन्यांत ते विद्यालयही बंद पडले.

ते बंद पडलेले विद्यालय आम्हाला अस्वस्थ करते. बाबासाहेबांचा जयजयकार करणाऱ्या आपल्याच घरांत, मुलाने बारावीनंतर राज्यशास्त्र किंवा कायदा घेतो म्हटले की, त्याने पोट कसे भरणार, असा प्रश्न येतो. प्रश्न खोटा नाही; आपल्या किनाऱ्यावरच्या घरांना पहिला पगार लवकर हवा असतो. बाबासाहेबांच्या घरालाही तो हवा होता. तरीही जमिनीचा सातबारा, ग्रामसभेचा ठराव, मच्छीमारांचे हक्क, ॲट्रॉसिटीची फिर्याद ही कामे घेऊन आपले लोक आजही दुसऱ्याच्या वकिलाच्या दारात उभे असतात.

वाट आता तितकी बिकट नाही. बारावीनंतर पाच वर्षांचा आणि पदवीनंतर तीन वर्षांचा विधी अभ्यासक्रम आहे. प्रवेशासाठी राज्याची सामायिक परीक्षा आहे, मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे. परदेशी शिकू पाहणाऱ्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची शासकीय शिष्यवृत्तीही आहे. जे माजी विद्यार्थी वकिलीत वा शासनसेवेत आहेत, त्यांनी वर्षातून एक दिवस वसतिगृहात येऊन मुलांना या वाटेची माहिती द्यावी, अशी आमची नम्र विनंती आहे. आणि ज्यांचे शिक्षण घरच्या अडचणीने मध्येच थांबले आहे, त्यांनी 1917 ते 1920 ही तीन वर्षे आठवावीत. पुढच्या 14 एप्रिलला मुले पदव्या म्हणतील, तेव्हा त्यांनी त्या तीन वर्षांचाही उच्चार करावा, एवढेच आमचे मागणे आहे.