भीतीसह निघालेला माणूस : धर्मानंद कोसंबी

मनातली भीती गेली की निघू, असे म्हणत कित्येक माणसे उंबरठ्याच्या आतच आयुष्य घालवितात. धर्मानंद कोसंबी यांची भीती काही आधी गेली नाही. ती बरोबर घेऊनच ते घराबाहेर पडले. उपासक-उपासिकांनो, म्हणून त्यांचे चरित्र आपल्या घरात मुलांना सांगण्याजोगे आहे.

9 ऑक्टोबर 1876 रोजी गोव्यातील साखवाळ गावी सारस्वत ब्राह्मण कुटुंबात त्यांचा जन्म झाला. तेव्हा गोव्यावर पोर्तुगिजांचे राज्य होते. घरची स्थिती बेताची, लहानपणी प्रकृती नाजूक, आणि शाळेचे शिक्षण जेमतेम. वयात येण्यापूर्वीच बाळाबाईंशी लग्न झाले व नारळीच्या बागेची देखभाल अंगावर पडली. हुशार मुलगा अशी त्यांची ख्याती कधीच नव्हती.

अशा वेळी ‘बालबोधमेवा’ या मुलांच्या मासिकात त्यांनी भगवान बुद्धांचे छोटेसे चरित्र वाचले. त्या चार पानांनी त्यांच्या आयुष्याला दिशा दिली. बुद्धांचा धम्म मुळापासून समजून घ्यायचा, हा एकच ध्यास लागला. पण जायचे कुठे? शिकवील कोण? जवळ पैसा नाही, इंग्रजी नाही, संस्कृतही नाही. पूर्वी घर सोडण्याचा प्रयत्न करून ते माघारीही आले होते. अखेर 1899 च्या शेवटी, मुलगी तान्ही असताना, ते निघाले.

एकदम बुद्धापर्यंत पोहोचता येत नाही, हे त्यांनी ओळखले व समोरचे एक पाऊल तेवढे टाकले. आधी संस्कृत शिकावे म्हणून पुण्यास गेले. तेथून ग्वाल्हेरमार्गे काशीला गेले आणि अन्नछत्रात जेवून अभ्यास केला. 1902 साली हिवाळ्यात खडतर वाट चालून नेपाळात पोहोचले. तेथे बौद्ध धम्माची जी अवस्था दिसली, तिने त्यांची पार निराशा झाली. एवढा प्रवास फुकट गेला म्हणून दुसरा कोणी घरी परतला असता. ते बुद्धगयेला गेले. धम्म शिकायचा तर सिंहलद्वीपास जावे, असे तेथे कळले आणि ते तिकडे निघाले.

कोलंबोच्या विद्योदय विद्यालयात सुमंगलाचार्यांच्या हाताखाली ते पाली शिकले व श्रामणेर झाले. भाषा परकी, अन्न मानवेना, प्रकृती बिघडली. तरी अभ्यास सुटला नाही. पुढे ब्रह्मदेशात जाऊन त्यांनी ध्यान व अध्ययन केले. सुमारे सात वर्षांनी, 1906 साली, ते पुन्हा घरच्यांना भेटले. त्या सात वर्षांचा भार बाळाबाईंनी सोसला, हे विसरता कामा नये. एकाच्या ध्येयाची किंमत घरातील दुसरे माणूस मोजत असते.

कलकत्ता विद्यापीठात त्यांना पाली शिकविण्याचे काम मिळाले. पण आपल्या लोकांना आपल्या भाषेत धम्म सांगावा, ही तळमळ होती. म्हणून चांगल्या पगाराची नोकरी सोडून, महाराष्ट्रात राहून काम करण्यासाठी बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी देऊ केलेले महिना 50 रुपये त्यांनी पत्करले. 1910 साली ‘विसुद्धिमग्ग’ या पाली ग्रंथाच्या संपादनासाठी अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाने त्यांना बोलाविले. शाळा अर्धवट सुटलेला मुलगा तेथे पंडित म्हणून गेला. 1912 पासून त्यांनी पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात पाली शिकविली. 1930 च्या मिठाच्या सत्याग्रहात तुरुंगवास भोगला. 1937 साली मुंबईत परळच्या कामगार वस्तीत बहुजन विहार उभारला. ‘भगवान बुद्ध’ हा त्यांचा मराठी ग्रंथ आजही वाचला जातो.

4 जून 1947 रोजी सेवाग्राम येथे त्यांचे निधन झाले. नऊ वर्षांनी, 14 ऑक्टोबर 1956 रोजी, नागपूरच्या दीक्षाभूमीवर लाखो लोकांनी धम्म स्वीकारला, तेव्हा मराठीत बुद्ध वाचण्याची सोय त्यांच्या श्रमाने झालेली होती.

आपल्या घरातील मुलगी परगावी शिकायला जाण्यास भीत असेल, तिशी उलटलेला मुलगा सुटलेली परीक्षा पुन्हा द्यायला कचरत असेल. त्यांना भिऊ नका एवढेच सांगून भागत नाही. नेमके काय मिळवायचे ते विचारा, उद्या टाकायचे एक पाऊल ठरवून द्या, आणि त्यांच्या पाठीमागे घरचा भार वाटून घ्या. चालू लागल्यावर भीती मागे पडते.