चांदबीबी : दोन राज्यांच्या गाद्या राखल्या, पण जीव घेतला आपल्याच माणसांनी

अहिल्यानगर म्हणजे जुन्या अहमदनगरच्या भुईकोट किल्ल्याचं नाव निघालं की चांदबीबीचं नाव येतंच. हातात तलवार घेऊन तटावर उभी राहिलेली राणी म्हणून तिला सगळे ओळखतात. पण ती विजापूरची सून होती, ऐन तारुण्यात विधवा झाली, तिला स्वतःचं मूल नव्हतं आणि तरीही दुसऱ्यांच्या लेकरांसाठी तिने दोन राज्यं सांभाळली, ही गोष्ट कमी लोकांना माहीत असते.

माहेर निजामशाहीचं

चांदबीबीचा जन्म साधारण १५५० चा. वडील हुसेन निजामशहा, अहमदनगरचे सुलतान. आजचा दगडी भुईकोट किल्ला त्यांनीच बांधून घेतला. या घराण्याचं मूळ परभणी जिल्ह्यातल्या पाथरीच्या एका ब्राह्मण कुटुंबात होतं, असं त्या काळचा इतिहासकार फरिश्ता लिहितो.

आई खुंजा हुमायून. हुसेन निजामशहा १५६५ मध्ये वारले तेव्हा मुलगा मुर्तजा लहान होता, म्हणून कारभार आईनेच हातात घेतला. पुढे मोठ्या झालेल्या मुर्तजाने आईलाच कैद केलं. पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात त्या काळचं एक सचित्र हस्तलिखित आहे. त्यात राजाशेजारी बसलेल्या या राणीची चित्रं नंतर कुणीतरी रंग फासून पुसली. बाईने राज्य चालवलेलं दरबाराला किती खुपत होतं, ते यावरून कळतं. लेकीच्या वाट्यालाही पुढे तेच यायचं होतं.

लग्न म्हणजे राजकारण

दख्खनच्या सुलतानांचं आपसात पटत नव्हतं. पण विजयनगर भारी पडू लागलं तेव्हा एक होण्याशिवाय इलाज राहिला नाही. मग सोयरिकी जुळल्या, त्याही साटंलोटं करून. चांदबीबी विजापूरच्या अली आदिलशहाला दिली आणि अलीची बहीण मुर्तजाला करून आणली. ज्या सोलापूरच्या किल्ल्यासाठी दोन्ही राज्यं वर्षानुवर्षं भांडत होती, तो किल्ला चांदबीबीच्या लग्नात आंदण म्हणून गेला. एक बहीण गोवळकोंड्याला दिलेली होतीच. त्यानंतर १५६५ मध्ये तालिकोटच्या लढाईत सुलतानांनी मिळून विजयनगरचा पाडाव केला.

चांदबीबीला फारसी, अरबी, तुर्कीसोबत मराठी आणि कानडीही येत असे, असं सांगतात. घोड्यावर बसून ती नवऱ्याबरोबर मोहिमेवर जात असे, असंही सांगितलं जातं.

पहिली गादी : विजापूर

१५८० मध्ये अली आदिलशहाचा खून झाला. मूलबाळ नव्हतं. गादीवर आला दिराचा मुलगा इब्राहिम, वय अवघं नऊ. त्याला वाढवायचं आणि दरबार सांभाळायचा, ही दोन्ही कामं चांदबीबीवर आली.

सरदारांना मात्र सगळी सत्ता स्वतःकडे हवी होती. आधी कामिलखान, मग किश्वरखान. किश्वरखानाने तर तिला पकडून साताऱ्याच्या किल्ल्यावर कैदेत टाकलं. पुढे लोक त्याच्यावरच उलटले, तो पळाला आणि राणी सुटून परत आली. तोवर दरबारातली भांडणं पाहून शेजाऱ्यांनी विजापूरला वेढा घातला. वेढा घालणाऱ्यांत तिच्या माहेरचं, अहमदनगरचंही सैन्य होतं! ती माहेराच्या बाजूने झुकली नाही. विजापूर टिकलं.

इब्राहिम मोठा झाला आणि त्याच्या बहिणीचं लग्न अहमदनगरच्या राजपुत्राशी ठरलं. त्या वरातीसोबत चांदबीबी माहेरी परतली.

माहेरात रक्तपात

माहेर आता पहिलं राहिलं नव्हतं. १५८८ मध्ये भाऊ मुर्तजाला त्याच्याच मुलाने मारलं, आणि वर्षभरात तो मुलगाही मारला गेला. पुढे दुसरा भाऊ बुऱ्हाण गादीवर आला. १५९५ मध्ये तो वारला आणि त्याचा मुलगा काही महिन्यांतच लढाईत पडला. मागे राहिला एक तान्हा पोर, बहादूर. चांदबीबीच्या भावाचा नातू.

दरबारात चार गट पडले. प्रत्येकाचा राजा वेगळा. त्यातल्या मियां मंजूने आपला गट वरचढ व्हावा म्हणून थेट अकबराच्या मुलाला, शहजादा मुरादला बोलावलं. मुघल फौज निघाली तेव्हा त्याला पश्चात्ताप झाला, पण उशीर झाला होता.

तटाला भगदाड

डिसेंबर १५९५ मध्ये मुघलांनी किल्ल्याला वेढा दिला. तटाखाली सुरुंग खणून त्यात दारू भरली. आतल्यांना खबर लागली आणि चांदबीबीच्या हुकुमावरून लोकांनी आतून खणत काही सुरुंग निकामी केले. फेब्रुवारी १५९६ मध्ये एक सुरुंग मात्र उडाला. तटाला मोठं भगदाड पडलं आणि माणसं पळायला लागली.

तेव्हा चांदबीबी तोंडावर बुरखा घेऊन, हातात नंगी तलवार घेऊन भगदाडात उभी राहिली. तिला पाहून पळणारे मागे फिरले. दिवसभर मुघलांचे हल्ले परतवले आणि रातोरात भिंत पुन्हा उभी केली. गोळे संपले तेव्हा तोफांतून तांब्याची, चांदीची, सोन्याची नाणी डागली, अशी आख्यायिका आजही सांगतात.

इकडे विजापुरातून मदतीची फौज निघाली होती. पाठवणारा होता तिने वाढवलेला इब्राहिम. मुरादने तह केला. वऱ्हाड मुघलांना गेलं, पण बहादूरची गादी राहिली.

तहाची किंमत

शांतता फार टिकली नाही. सरदारांची भांडणं परत सुरू झाली. १६०० मध्ये अकबराचा दुसरा मुलगा दानियाल चालून आला. कारभारी आहंगखान लढायचं सोडून जुन्नरकडे पळाला.

चांदबीबीने हिशोब मांडला. बाहेरून मदत येणार नाही, आत एकी नाही. किल्ला देऊन लहान बहादूरला घेऊन जुन्नरला जावं, म्हणजे राजा तरी वाचेल आणि राज्य पुन्हा उभं राहील. हा विचार तिने हमीदखानाला बोलून दाखवला. त्याने बाहेर जाऊन बोंब ठोकली की राणी मुघलांना फितूर झाली. जमाव महालात घुसला आणि तिला ठार मारलं.

पुढच्या काही आठवड्यांतच, ऑगस्ट १६०० मध्ये किल्ला पडला. बहादूरला ग्वाल्हेरच्या किल्ल्यात कैदेत पाठवलं, तो तिथून सुटला नाही. जी वाट चांदबीबी सांगत होती, त्याच वाटेने पुढे मलिक अंबर गेला. किल्ला गेला तरी त्याने परांड्याला दुसरा निजामशहा गादीवर बसवून लढा चालू ठेवला. शहाजीराजांनीही त्याच निजामशाहीसाठी १६३६ पर्यंत झुंज दिली.

शहराजवळच्या डोंगरावर जी तीन मजली वास्तू चांदबीबीचा महाल म्हणून ओळखली जाते, ती खरं तर सलाबतखान या सरदाराची कबर आहे. चांदबीबी तिथे राहत नव्हती. ती लढली आणि मेली ती भुईकोट किल्ल्यात.